डोंबाघरचे पाणी : काशीतल्या चित्रस्थळांची पायपीट

भारतीय चित्रपटाची पहिली मोठी गोष्ट मसणवट्यात घडते, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे चित्रपटाला वाचा फुटली. मराठीतला पहिला बोलपट कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने काढला, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२). तोही हरिश्चंद्राचाच. म्हणजे आपला चित्रपट मुका होता तेव्हा आणि बोलू लागला तेव्हाही, दोन्ही वेळा त्याने एकाच राजाची कथा निवडली. अयोध्येच्या या राजाला काशीच्या स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागली, म्हणून प्रेक्षकांनी डोळे पुसले.

फाळक्यांचे चित्रण दादरला आणि बाहेरचे वांगणीला झाले, प्रभातचे कोल्हापुरात. काशीला कॅमेरा गेला नाही आणि जाण्याची गरजही नव्हती. काशी सवर्ण मनात आधीच बांधून तयार होती. त्या काशीत गंगा होती, विश्वेश्वर होता, चिता होती आणि चितेजवळ एक काळाकभिन्न डोंब होता. हिंदी प्रदेशात ज्याला डोम म्हणतात तोच आपल्या पुराणिकांच्या तोंडचा डोंब. ‘डोंबाघरी पाणी भरले’ असे आजही आपल्याकडे म्हणतात, ते अधःपाताची परिसीमा सांगण्यासाठी.

या कथेकडे जरा उलट बाजूने पाहू. स्मशानात लाकडे रचणे, मढ्यावरचे कापड घेणे, जळणाची दस्तुरी वसूल करणे, या कामाने हरिश्चंद्राची सत्त्वपरीक्षा होते. हेच काम पिढ्यान् पिढ्या करणाऱ्याचीही कधी परीक्षा झाली, त्यालाही सत्त्व होते, असे पुराण सांगत नाही. राजाला ते काम दुःख म्हणून भेटते, डोंबाला ते जात म्हणून मिळते. राजाचे दुःख संपते तेव्हा विमान येते. डोंब तिथेच राहतो. मार्कंडेयपुराणाने तर याहून मोठी करामत केली आहे. तिथे शेवटी कळते की ज्या चांडाळाने राजाला विकत घेतले तो चांडाळ नव्हताच. प्रत्यक्ष धर्म त्या वेषात आला होता. म्हणजे कथेत आमचा म्हणून जो एकच माणूस होता तोही खरा नव्हता. राजा आपल्या अयोध्येच्या प्रजेला सोडून स्वर्गात जायला तयार होत नाही, ही त्याची थोरवी. ज्या मसणवट्याने त्याला पोसले तिथल्या माणसांची मात्र त्याला आठवण होत नाही.

हा प्रश्न मनात घेऊन मी काशीला गेलो आणि चित्रपटांची एक यादी हातात धरून घाटाघाटाने पायी हिंडलो. अलीकडे तिथले नावाडी नटनट्यांच्या नावाने घाट दाखवतात. कुठे कोणाचे गाणे झाले, कुठे कोण होळी खेळला, हे पर्यटकांना ऐकायला आवडते. मला मात्र नावेत बसायचे नव्हते, आणि त्याला कारण आहे. बनारसचे बहुतेक चित्रण नदीतून झालेले आहे. नदीतून पाहिले की शहर एखाद्या पडद्यासारखे समोर उभे राहते. पायऱ्या, बुरूज, छत्र्या, दिवे, आणि मधेच धुराचा एक पट्टा. मागच्या गल्लीतून चालत त्याच घाटावर उतरा. मग आधी लाकडांच्या थप्प्या लागतात, लाकूड तोलण्याचे मोठे काटे लागतात, घासाघीस ऐकू येते, ओझ्याखाली वाकलेले मजूर दिसतात. चितेपर्यंत तुम्ही पोचता ते श्रमाच्या वाटेने. नावेतून दिसते ते मरण आणि गल्लीतून दिसते ती मजुरी. चित्रपटाने यांतले कोणते पाहिले, एवढेच मला तपासायचे होते.

दक्षिणेला अस्सी, उत्तरेला राजघाट. मधले अंतर सुमारे सहा-सात किलोमीटर. अस्सीवर दोन चित्रपटांची आठवण होते. काशीनाथ सिंह यांच्या ‘काशी का अस्सी’वरून चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी ‘मोहल्ला अस्सी’ केला. चित्रण २०११ चे, पण वाद आणि खटल्यांतून वाट काढत तो लोकांपुढे यायला २०१८ उजाडले. दुसरा दीपा मेहता यांचा ‘वॉटर’. विधवांच्या आश्रमाची ही कथा १९३८ सालातली. २००० साली बनारसच्या घाटावर त्याचे नेपथ्य उभे राहताच जमावाने ते मोडून नदीत फेकले आणि राज्य सरकारने चित्रण थांबवले. शेवटी तो चित्रपट श्रीलंकेत पुरा झाला आणि २००५ मध्ये आला. दोन्ही वेळी शहराची अब्रू गेल्याची हाकाटी झाली. ही अब्रू कोणाची, हे विचारले पाहिजे. ब्राह्मणाच्या ओसरीवरची शिवराळ भाषा पडद्यावर आली, उच्चवर्णीय घराने टाकून दिलेली विधवा पडद्यावर आली, तर शहर पेटून उठते. जळत्या प्रेताजवळ अर्धउघडा उभा असलेला डोम दर दुसऱ्या चित्रपटात दिसतो. त्याने कोणाची अब्रू गेली असे मी तरी ऐकलेले नाही. अब्रू ही वस्तूच ज्याच्या नावावर लिहिलेली नाही, त्याची जाणार तरी कशी?

अस्सीहून उत्तरेकडे चालत गेले की तुलसी, चेतसिंह, हनुमान असे घाट मागे पडतात आणि हरिश्चंद्र घाट येतो. ज्या राजाने फार तर काही काळ इथे चाकरी केली त्याचे नाव घाटाला. ज्यांनी शतकानुशतके इथे आग राखली त्यांचे नाव कुठेच नाही. २०१५ च्या ‘मसान’मधला दीपक या घाटावरचा. नीरज घायवान यांचा हा पहिला मोठा चित्रपट, लेखन वरुण ग्रोव्हर यांचे. कान महोत्सवात त्याला त्या वर्षी दोन पारितोषिके मिळाली. आपण दलित आहोत हे घायवान यांनी जाहीरपणे सांगितलेले आहे, आणि मुंबईच्या चित्रपटधंद्यात ही गोष्ट साधी नाही.

‘मसान’चे महत्त्व मला एका शब्दात सांगायचे तर ते ‘घर’ या शब्दात आहे. ‘राजा हरिश्चंद्र’पासून एकशे दोन वर्षांनी मसणवट्यातला माणूस घरी गेलेला मी पाहिला. त्याला आईबाप आहेत, भाऊ आहे, तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो आहे, एका मुलीवर त्याचे मन बसले आहे. ती शालू गुप्ता. तिला शेरोशायरीची आवड. आपण कुठे राहतो आणि आपल्या घरचे काय काम करतात हे त्याला तिला सांगावे लागते तो प्रसंग पाहताना, ज्याला आयुष्यात कधी ना कधी आडनाव विचारले गेले आहे, त्याच्या पोटात कालवल्याशिवाय राहत नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेपासून आपण ज्या क्षणाला ओळखतो तोच हा क्षण. फरक इतकाच की दीपक जात चोरत नाही. चिडून, त्रासून का होईना, ती बोलून टाकतो.

त्याच चित्रपटात दुसरे एक घर आहे, विद्याधर पाठकांचे. हा ब्राह्मण घाटावर क्रियाकर्माचे सामान विकून पोट भरतो. एकाच मरणावर दोघांची चूल पेटते. एकाची मिळकत दक्षिणेच्या जातीची, दुसऱ्याची विटाळाच्या. चित्रपट हे भाषण न करता शेजारीशेजारी मांडतो, आणि ते पुरेसे होते.

तरीही माझा या चित्रपटाशी एक भांडणाचा मुद्दा आहे. शालू बसच्या अपघातात मरते. तिचे प्रेत दीपकच्याच घाटावर येते आणि बोटातल्या अंगठीवरून तो तिला ओळखतो. प्रसंग काळीज चिरणारा आहे. पण विचार केला की ध्यानात येते, या अपघाताने गुप्ता कुटुंबाला सोडवले. मुलीने डोमाच्या मुलाशी लग्न करायचे ठरवल्यावर त्या घरात काय झाले असते, ते पाहण्याची वेळच त्या घरावर आली नाही. जातीने जे करायचे ते बसने केले. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त (२०१३) आणि ‘सैराट’मध्ये (२०१६) ही पळवाट ठेवली नाही. तिथे दगड कोणाच्या हातात आहे आणि सुरा कोणाच्या, हे प्रेक्षकाला सरळ दिसते. ‘मसान’ आपल्याला रडवतो, पण कोणाला जाब विचारायचा ते सांगत नाही. घायवान यांचे नंतरचे काम, २०२१ ची ‘गीली पुच्ची’ आणि २०२५ चा ‘होमबाउंड’, मात्र जाब विचारण्याच्या दिशेने गेले आहे, याची नोंद केलीच पाहिजे.

हरिश्चंद्र घाटावर पायरीवर बसलेल्या एका तरुणाशी मी बोललो. चित्रपट त्याने भ्रमणध्वनीवर पाहिला होता. तो म्हणाला, पोराला अलाहाबादेत नोकरी लागली हे बरे झाले. पण त्याचा भाऊ इथेच राहिला, त्याचे पुढे काय झाले ते दाखवले नाही. एखाद्या समीक्षकाने विचारायला हवा होता असा हा प्रश्न. एकाच्या सुटकेची कथा सांगणे चित्रपटाला जमते. मागे राहिलेल्यांची कथा अजून सांगायची आहे.

इथे मला अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ आठवते. खाणीतले काम गेलेला भीमा मढ्यांच्या राखेत आणि थडग्यांत सोने शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो, शेवटी बोटे गमावतो. दीपकला चितेवर अंगठी सापडते ती प्रेमाची खूण म्हणून; भीमाला सोने हवे असते ते पोटासाठी. अण्णाभाऊंनी स्मशानाला दैवाचे किंवा मोक्षाचे स्थान न मानता बेकार माणसाचे कामाचे ठिकाण मानले. ही दृष्टी बनारसच्या चित्रपटांत मला कुठेच इतकी स्वच्छ सापडली नाही.

केदार घाट ओलांडून पुढे गेलो की दशाश्वमेध. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’तला हरिहर इथल्या घाटांवर पोथी सांगतो, पायऱ्यांवर कोसळतो, आणि त्याच्या ओठी गंगाजल लागताच कबुतरांचा थवा आकाशात उठतो. जगाने या दृश्याला डोक्यावर घेतले. १९५७ मध्ये व्हेनिसचा सर्वोच्च सन्मान मिळाला. घाट खरे, पण हरिहरचे बिऱ्हाड आणि त्याचे अंगण हे कलकत्त्याच्या स्टुडिओत बन्सी चंद्रगुप्तांनी उभारलेले. वर कापड ताणून परावर्तित प्रकाशात सुब्रत मित्रांनी ते खऱ्यासारखे उजळले. दरिद्री ब्राह्मणाच्या घरातला उजेडसुद्धा इतक्या मायेने घडवला गेला. मला त्याचा हेवा वाटतो, राग नाही. कलावंताने गरिबाकडे असेच पाहावे. मात्र हरिहर मेला तेव्हा कबुतरे दिसली. त्याला ज्याने जाळले तो दिसला नाही.

राय पुढे ‘सद्गती’पर्यंत आले, हे विसरून चालणार नाही. १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेल्या या चित्रपटाची कथा प्रेमचंदांची, म्हणजे बनारसजवळच्या लमहीच्या माणसाची. ओम पुरीचा दुखी ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. प्रेताला हात कोणी लावायचा हा प्रश्न पडतो, आणि शेवटी ब्राह्मण दोरीने ते ओढत नेतो. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे ही आपल्याकडची माणसे त्यात आहेत. हे चित्रण झाले छत्तीसगडात. राय यांच्या दोन मरणांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. एका मरणाला गंगा मिळाली, दुसऱ्याला गावाबाहेरची ढोरे टाकायची जागा. मला वाटते, चित्रपटांच्या मंडळांनी ही दोन दृश्ये एकाच संध्याकाळी पाहावीत.

दशाश्वमेधच्या पुढे मानमंदिर, मग मीर घाट. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात अस्पृश्य विश्वनाथाच्या मंदिरात गेले, तेव्हा स्वामी करपात्री यांनी ते मंदिर बाटले असे ठरवून मीर घाटाकडे दुसरा विश्वनाथ बसवला. पहिले मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केलेले. एका धनगर घरच्या बाईने बांधलेले चालले. तिथे आमचा पाय पडला तर देवच हलवावा लागला. या प्रसंगावर एखादा चित्रपट का झाला नसावा? प्रसंग नाट्यपूर्ण आहे, जागा देखणी आहे, नावाडी ती दाखवूही शकतील. २०२१ मध्ये विश्वनाथ मार्गिकेचे उद्घाटन झाले. तिच्यासाठी शेकडो घरे आणि दुकाने गेली. जुन्या चित्रपटांतल्या कित्येक गल्ल्या आता फक्त चित्रपटांतच उरल्या आहेत.

मग मणिकर्णिका. रॉबर्ट गार्डनर या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६) मुख्यतः या परिसरात घडतो. सुमारे दीड तास निवेदन नाही, भाषांतराच्या ओळी नाहीत. जाणकार याला शुद्ध चित्रपट म्हणतात. त्यात डोमराजा बोलतो, हिशेब करतो, ओरडतो. पण बाहेरच्या प्रेक्षकाला त्याच्या बोलण्यातले अक्षरही कळू दिलेले नाही. लाकडावर घाव पडतो, कुत्रे भुंकते, वल्हे वाजते, तसाच डोम वाजतो. ज्याला शतकानुशतके बोलू दिले नाही त्याचे बोलणे कलेच्या नावाने पुन्हा नुसता आवाज होऊन बसते, ही सुंदर चित्रपटातली गंभीर गोष्ट आहे. याउलट राजेश एस. जाला यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ द पायर’ (२००८) या माहितीपटात याच घाटावर काम करणारी सात मुले स्वतःच्या तोंडाने बोलतात. कफन कसे उचलतो, ते किती पैशांना जाते, नशा का करतो, हे सांगतात. तिथे काशी मोक्षपुरी राहत नाही. बालमजुरीचे ठिकाण होते.

डोमांतही सगळे एक नाहीत, हे लिहिले पाहिजे. आगीचा आणि दस्तुरीचा हक्क घराण्यांत वाटलेला. त्याच्या पाळ्या ठरलेल्या. डोमराजाच्या वाड्यावर वाघांचे पुतळे आहेत, ते नदीतून दिसतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधानांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून डोमराजांचे नाव होते, त्याची छायाचित्रे देशभर छापली गेली. चितेवर बांबू घेऊन उभा असलेला मजूर त्या छायाचित्रात नव्हता. एकाला राजा म्हणायचे आणि बाकीच्यांना त्या पदवीत गुंडाळून ठेवायचे, ही रीत आपल्याला गावच्या वतनातून चांगली ठाऊक आहे. आमच्याकडे मढ्याची खबर गावोगाव पोचवणे, सरणाची लाकडे आणणे हे महाराचे काम, आणि मढ्यावरचे कापड हा त्याचा ‘हक्क’. हक्क या शब्दाने किती पिढ्या बांधून ठेवल्या ते बाबासाहेबांनी महारवतनाविरुद्ध लढताना दाखवून दिले. बनारसचा डोम आणि आपल्याकडचा महार यांच्यात भाषेचे अंतर आहे, कफनाचे नाही.

माझ्या यादीतले चित्रपट मणिकर्णिकेपाशी संपत आले, पण शहर संपले नव्हते. राजघाटाजवळ जगजीवनराम यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले संत रविदासांचे मंदिर आहे. दुसऱ्या टोकाला, हिंदू विश्वविद्यालयाच्या मागे, सीर गोवर्धनपूर. रविदासांचे जन्मस्थान म्हणून १९६५ मध्ये तिथे मंदिराची पायाभरणी झाली. माघी पौर्णिमेला पंजाबातून खास आगगाडी येते, परदेशांतून माणसे येतात, लाखोंचे लंगर चालते. एवढा रंग, एवढी गर्दी, एवढे संगीत. कॅमेऱ्याला आणखी काय हवे असते? तरी माझ्या यादीत या वस्तीचे नाव नव्हते. कबीरचौरा नव्हता. काशीत मेले की मोक्ष, यावर ‘मुक्तिभवन’ (२०१६) हा नेटका चित्रपट आहे. त्या मोक्षाला लाथाडून मरायला मगहरला निघून गेलेल्या कबीराची पाठमोरी आकृती त्यात नाही. जगजीवनराम देशाचे संरक्षणमंत्री असताना, जानेवारी १९७८ मध्ये, त्यांनी याच शहरात संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले आणि त्यानंतर तो पुतळा गंगाजलाने धुतला गेला. गंगेचे एवढे चित्रण झाले. ही घागर कोणी पडद्यावर आणली नाही.

आणि सारनाथ. ‘अपराजितो’ पडद्यावर आला तो ऑक्टोबर १९५६ मध्ये. त्याच महिन्याच्या १४ तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना ते बनारसला थांबले, विद्यार्थ्यांपुढे बोलले, सारनाथला गेले. त्यानंतर दोन आठवडेही ते जगले नाहीत. एकाच वर्षी या शहरात दोन माणसे आली, असे मी म्हणतो. एक पडद्यावरचा हरिहर, पोथी सांगत सांगत मरणारा. दुसरे बाबासाहेब, पोथी बाजूला ठेवून आलेले. पहिल्याची पायरी शोधायला जगातून रसिक येतात. दुसऱ्यांची पावले शोधायला दर वर्षी आपली माणसे येतात, आणि त्यांना कोणी नकाशा दिलेला नसतो.

चित्रपटवाल्यांच्या भाषेत जागेला ‘लोकेशन’ म्हणतात. तिथे राहणाऱ्याच्या भाषेत तिला पत्ता म्हणतात. बनारसवरच्या चित्रपटांची समीक्षा करताना मला हे दोन शब्द पुरतात. ज्या चित्रपटाने घाटाला पत्ता मानले तो माझ्या लेखी खरा. ‘मसान’ अर्ध्याहून अधिक तसा आहे, ‘चिल्ड्रन ऑफ द पायर’ पुरता तसा आहे. बाकीच्यांत चांगली कला असेल, ती मी नाकारत नाही. पण आमच्या माणसाला धुरामागे उभे करून जी कला पुरी होते तिच्यापुढे मान तुकवण्याचे आपल्याला कारण नाही.

ही पायपीट काशीपुरती ठेवू नये, असे विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना मला सुचवायचे आहे. फाळक्यांचे नाशिक जवळ आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षे चालला. त्याच वर्षांत फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ (१९३२) झाला. पडद्यावर रामाचा सेतू बांधून होत होता आणि रामाच्या देवळाचे दार आपल्या बायाबापड्यांना बंद होते. आज फाळक्यांचे स्मारक पांडवलेण्यांच्या, म्हणजे बौद्ध लेण्यांच्या, पायथ्याशी आहे. रामकुंडावरून निघावे, काळारामाच्या दारावरून जावे, आणि स्मारकापर्यंत चालत यावे. वाटेत काय काय चित्रित झाले आणि काय राहून गेले, त्याची यादी करावी. राहून गेलेल्यांची यादी मोठी होईल. ती लिहायची कोणी, हे आता ठरवले पाहिजे.